गिअर अडतोय? बॉक्स उतरवण्याआधी एवढं करून बघा

गिअर नीट पडत नाही, दुसऱ्याला किरकिर होते, रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज येतो, अशी तक्रार केली की गॅरेजातून बहुधा एकच उत्तर येतं: बॉक्स, म्हणजे गिअरबॉक्स, उतरवावा लागेल. कधी खरंच लागतो. पण पुष्कळदा दोष बॉक्सच्या बाहेरच असतो. क्लच पूर्ण सुटत नसतो, गिअर केबलच्या टोकाचा प्लॅस्टिकचा बुश झिजलेला असतो, इंजिनाचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी माउंटिंग) फाटलेलं असतं, नाहीतर गाडी घेतल्यापासून गिअर ऑइलला कुणी हातच लावलेला नसतो. हे सगळं बॉक्स न उतरवता तपासता येतं आणि त्यातलं निम्मं तर फुकटात होतं. म्हणून क्रम पाळायचा: आधी फुकटाचं, मग स्वस्तातलं, आणि बॉक्स सगळ्यात शेवटी.

हा लेख पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, पाच गिअरच्या छोट्या गाड्यांसाठी आहे. स्विफ्ट, वॅगन आर, आय-टेन, टियागो या वर्गातल्या. बोलेरो किंवा सुमोचा बॉक्स वेगळा, मागचं डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातांची जोडणी) वेगळं आणि दोन्हींचं ऑइलही वेगळं. त्या गाड्यांना इथले आकडे लावू नका.

आधी सीटवर बसून

पहिलं काम म्हणजे पेडलखालचं मॅट काढून टाकणं. हसू येईल, पण जाडजूड मॅटवर आणखी एक रबरी मॅट घातलं की क्लचचं पेडल पुरतं खाली जात नाही, आणि मग गिअर अडतो. मॅट काढून पेडल थेट पत्र्यापर्यंत दाबून बघा.

आता इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, सगळे गिअर एकेक करून टाका. बंद इंजिनावरही दांडा जड जात असेल तर दोष केबलमध्ये, दांड्याच्या बुशमध्ये किंवा बॉक्सच्या सिलेक्टरमध्ये. दांडा बंद इंजिनावर लोण्यासारखा चालतो आणि इंजिन सुरू केल्यावर अडतो, तर संशयित क्लच.

ते पक्कं करायला रिव्हर्सची परीक्षा घ्या. इंजिन गरम, न्यूट्रलमध्ये, आरपीएम आयडलवर. क्लच पूर्ण दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बहुतेक छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर (फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणारी रिंग) नसतो, त्यामुळे बॉक्समधला इनपुट शाफ्ट (क्लचकडून फिरणारा दांडा) थांबलेला असेल तरच दात गुपचूप बसतात. क्लच नीट सुटला असेल तर पाच सेकंदांत शाफ्ट थांबतो. पाच सेकंद थांबूनही खरखर आली तर क्लच दाबलेला असतानाही क्लचची प्लेट फ्लायव्हीलबरोबर (इंजिनाला जोडलेल्या जड चाकाबरोबर) थोडी फिरतेच आहे. घाईघाईत रिव्हर्स टाकल्यावर येणारी खरखर मात्र दोष नाही, ती सवय आहे.

क्लच स्लिप होतोय का, हे बघायला मोकळा सपाट रस्ता लागतो. चौथ्या गिअरवर ताशी 40-50 ला गाडी चालवा आणि अॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज आणि आरपीएम चढले, पण गाडीचा वेग त्या मानाने चढला नाही, तर प्लेट संपत आली. ही परीक्षा एकदाच घ्यायची; पुन्हापुन्हा घेतली तर उरलीसुरली प्लेटही जळते. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरवर क्लच सोडून बघण्याचा जो प्रकार चालतो, तो शक्यतो टाळाच.

आता कानांचं काम. न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवरून काढलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते: इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट, क्लच दाबला की चिरचिर सुरू होते: रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग. एकाच गिअरमध्ये आवाज येतो, बाकीच्यांत नाही: त्या गिअरची चाकी किंवा तिचं बेअरिंग. सगळ्या गिअरमध्ये येतो, वेगाबरोबर वाढतो आणि उतारावर न्यूट्रल केलं तरी जात नाही: डिफरन्शियलचं बेअरिंग किंवा चाकाचं बेअरिंग. या शेवटच्या बाबतीत आधी चाकाचं तपासायचं, कारण ते स्वस्त आणि तेच जास्त वेळा गेलेलं असतं. वळणावर स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवताना आवाज कमी-जास्त झाला तर चाकाचंच समजा.

चालत्या गाडीत गिअर आपोआप निसटून न्यूट्रलला येत असेल, तर बॉक्सला दोष देण्याआधी बॉनेट उघडा. मदतीला एक माणूस घ्या. त्याने हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, पहिल्या गिअरला क्लच किंचित सोडायचा आणि परत दाबायचा. तुम्ही बाजूला उभं राहून इंजिन किती उचकतं ते बघायचं, गाडीच्या समोर नाही. इंजिन दोन-तीन बोटं उडी मारत असेल तर फाउंडेशन गेलंय, आणि त्या धक्क्यानेच गिअर निसटतोय. फाउंडेशन ठीक असूनही निसटतो, तर मात्र आतल्या चाकीचे दात गोल झालेत किंवा गिअर सरकवणारा फोर्क झिजलाय.

क्लचची चाल

केबलचा क्लच असेल तर पेडलजवळ पट्टी धरा आणि हाताने पेडल हलकं दाबा. जोर लागायला सुरुवात होण्याआधी पेडल जेवढं मोकळं जातं ती फ्री प्ले, म्हणजे चाल. ती साधारण 15 ते 30 मिलिमीटर असते; तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. चाल जास्त झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर अडतो. अजिबात चाल नसेल तर रिलीज बेअरिंग कायम टेकून राहतं, क्लच स्लिप होतो आणि प्लेट जळते. प्लेट झिजत जाते तशी चाल कमी होते, हे लक्षात ठेवा. बॉक्सवरच्या क्लच फोर्कच्या (रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या दांड्याच्या) टोकाला केबलवर नट असतो. तो एकेक फेरा फिरवून चाल बसवायची. केबलचे तार तुटून पिंजलेले दिसले तर अॅडजस्ट करत बसू नका, केबलच बदला. ती तुटते तेव्हा नेमकी घाटात तुटते.

हायड्रॉलिक क्लचमध्ये नटाचं काम नाही, तिथे बघायचा तो फ्लुइड. पेडल स्पंजसारखं लागतं आणि दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर नीट पडतो, तर लाइनमध्ये हवा आहे. टाकीतली पातळी उतरली असेल तर कुठेतरी गळतंय: पेडलच्या वरच्या बाजूला, केबिनमध्ये ओल दिसली तर मास्टर सिलिंडर, बॉक्सजवळ सिलिंडरच्या रबरी बुटात ओल असेल तर स्लेव्ह सिलिंडर. हवा काढायला दोन माणसं लागतात. स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीत, थोड्या फ्लुइडमध्ये बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव फेरा सैल करून लगेच घट्ट करायचं, आणि ते घट्ट झाल्याशिवाय पहिल्याने पेडल सोडायचं नाही. सोडलं तर हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, आणि टाकी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही. टाकीच्या झाकणावर डॉट 3 किंवा डॉट 4 लिहिलेलं असतं, तेच घाला. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघतो.

कोणतं ऑइल, किती

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. गॅरेजात एका कोपऱ्यात '90 नंबर'चा डबा असतो आणि तोच सगळ्यांना घातला जातो. नंबर म्हणजे फक्त जाडी. त्याच्याइतकाच महत्त्वाचा आहे डब्यावर लिहिलेला ऑइलचा वर्ग: जीएल-4 की जीएल-5.

ट्रक, बोलेरो यांच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये दात एकमेकांवर प्रचंड दाबाने घासत सरकतात. त्यासाठी जीएल-5 मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-4 च्या जवळपास दुप्पट असतात. तुमच्या छोट्या गाडीत डिफरन्शियल बॉक्समध्येच असतं, पण त्याचे दात साधे तिरपे असतात, त्यांना तेवढ्या औषधाची गरजच नाही. उलट त्याच बॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा असतात. गिअर टाकताना ही रिंग चाकीच्या शंकूसारख्या भागावर घासते आणि दोघांचा वेग जुळवते. म्हणजे तिचं कामच घर्षणाचं. ऑइल फार निसरडं झालं की रिंग पकडत नाही आणि दुसऱ्या गिअरला किरकिर होते. शिवाय काही जीएल-5 ऑइलमधली रसायनं पितळ खातात. तेव्हा मॅन्युअलमध्ये जीएल-4 लिहिलं असेल तर 'पाच म्हणजे चारपेक्षा भारी' असा हिशेब करू नका.

जाडीचा आकडाही मॅन्युअलचाच: 75डब्ल्यू-80, 75डब्ल्यू-90 किंवा 80डब्ल्यू-90. गिअर ऑइलचे नंबर आणि इंजिन ऑइलचे नंबर वेगवेगळ्या मापाचे आहेत. 90 चं गिअर ऑइल जाडीला साधारण 40 ते 50 च्या इंजिन ऑइलएवढंच असतं, तेव्हा आकडा बघून घाबरू नका. होंडाच्या गाड्यांना एमटीएफ नावाचं वेगळं ऑइल लागतं. तिथे तेच घाला. या वर्गातल्या गाड्यांत साधारण दोन ते अडीच लिटर बसतं. तीन लिटर आणून ठेवा. मॅन्युअलमध्ये मुदत सापडली नाही तर 40,000 किलोमीटर धरून चाला. घाटातल्या किंवा भरून चालणाऱ्या गाडीला त्याआधी.

ऑइल बदलणं

पाच-सात किलोमीटर गाडी चालवून ऑइल कोमट करा. कोमट ऑइल पातळ होऊन तळाचा गाळ घेऊन उतरतं. फार गरम नको, हात भाजतो.

गाडी सपाट फरशीवर. जॅक लावून चारही बाजूंना स्टँड द्या किंवा पिटवर घ्या. पुढची बाजूच उचलली तर पातळी चुकते. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. स्टँड लावल्यावर गाडीला हाताने जोरात ढकलून बघा. हलली तर परत लावा.

आता प्लग शोधायचे. आडव्या इंजिनाच्या बहुतेक गाड्यांत बॉक्स डाव्या चाकाच्या बाजूला असतो. एक्सल ज्या अॅल्युमिनियमच्या डब्यात शिरतो, तो बॉक्स. ड्रेन प्लग तळाशी आणि भरायचा प्लग बाजूला, थोडा वर. नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे इंजिनाच्या चेंबरचा नट उघडणं आणि मग वरून बॉक्समध्ये ऑइल भरणं. इंजिन कोरडं, बॉक्स दुप्पट. बाहेर काळंभोर ऑइल आलं तर थांबा, ते बहुधा इंजिनाचं आहे. गिअर ऑइल मधाच्या किंवा चहाच्या रंगाचं, आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो. तो वास बिघाडाचा नाही. जळका वास असेल तर काळजी करा.

भरायचा प्लग आधी उघडा. हा नियम कधीच मोडू नका. खालचा उघडून ऑइल काढलं आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरच अडकते. काही प्लगना बाहेरून षटकोनी डोकं असतं, काहींना चौकोनी खाच, काहींना अॅलन की लागते. डोक्याचा प्लग सहा कोनांच्या गोटी पान्यानेच सैल करा. बारा कोनांचा पाना सटकतो आणि डोकं गोल करून ठेवतो. घट्ट असेल तर भोवती गंजविरोधी स्प्रे मारून अर्धा तास सोडा.

मग खाली घमेलं ठेवून ड्रेन प्लग उघडा. शेवटचे फेरे हाताने, प्लग आत दाबत दाबत फिरवायचे, म्हणजे आटे पुरते सुटेपर्यंत ऑइल मनगटावर येत नाही. पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या; शेवटचं अर्धा पाव ऑइल थेंबाथेंबाने येतं, आणि गाळ त्यातच असतो.

प्लगवरचा चिखल

ड्रेन प्लगच्या टोकाला बहुतेक गाड्यांत चुंबक असतं आणि त्याच्यावर राखाडी लगदा बसलेला असतो. तो बोटावर घेऊन अंगठ्याने चोळा, उन्हात धरून बघा. अगदी मऊ, काजळासारखा पसरतो, टोचत नाही: ही रोजची झीज, निर्धास्त राहा. चोळताना रेतीसारखं टोचलं तर बेअरिंग किंवा दातांची झीज वाढलीय. ऑइल नवं घाला आणि 5,000 किलोमीटरने प्लग परत उघडा. नखाएवढा तुकडा, दाताचा कोपरा किंवा सुईसारखी पट्टी निघाली तर बॉक्स उघडण्यावाचून इलाज नाही. घमेल्यातल्या ऑइलमध्ये सोनेरी चमचम दिसली तर ती सिंक्रो रिंगांची; पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ते प्लगवर नाही, ऑइलमध्येच शोधायचं. थोडी चमचम जुन्या गाडीत असतेच. सोबत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला किरकिर असेल तरच ती मनावर घ्या.

प्लग पुसून, नवा वॉशर घालून परत लावा. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर एकदा चेपला की पुन्हा सील करत नाही. काही गाड्यांत वॉशर नसतो, आट्यांना सीलंट लावायचं असतं, मॅन्युअल बघा. केसिंग अॅल्युमिनियमचं असतं, आटे पटकन जातात. प्लग आधी हाताने पूर्ण फिरवा, मग टॉर्क पान्याने दिलेल्या आकड्याइतकाच आवळा. बहुतेक छोट्या गाड्यांत तो 20 ते 40 न्यूटन मीटरच्या आसपास असतो. पाइप लावून जोर काढणाऱ्याला शेवटी नवं केसिंग घ्यावं लागतं.

भरायला हातपंप किंवा मोठी सिरिंज आणि नळी. ती नसेल तर बॉनेटमधून लांब नळी सोडून वर नरसाळं. जाड ऑइल हळू उतरतं, घाई करू नका. भोकाच्या खालच्या काठावरून ऑइल बाहेर येऊ लागलं की थांबा आणि जादा निथळू द्या: पातळी म्हणजे तो खालचा काठ. मग किती लिटर गेलं तेही बघा. पुस्तकात 2.2 आणि तुमचं 1.5 मध्येच सांडायला लागलं, तर गाडी तिरकी उभी आहे. काही गाड्यांत बाजूचा प्लग पातळीचा नसतो. तिथे मोजूनच भरायचं.

काढलेलं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. आपल्याकडच्या नियमांत ते घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरून, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्या.

गळती आणि पाणी

ऑइल कमी निघालं तर ते कुठे गेलं ते शोधा. एक्सल बॉक्समध्ये शिरतो तिथे ओल आणि धुळीचा चिकट थर दिसला तर एक्सल सील. रिव्हर्स लाइटचा स्विच आणि स्पीड सेन्सरची ओ-रिंग यांतूनही झिरपतं, आणि हे दोन्ही दहा मिनिटांचं काम. पण सील बदलण्याआधी बॉक्सच्या माथ्यावरचं ब्रीदरचं (हवा ये-जा करण्याच्या छिद्राचं) टोपण बघा. चिखलाने ते बुजलं की गरम हवेला वाट मिळत नाही आणि ती सीलमधून ऑइल ढकलते. ब्रीदर साफ न करता नवं सील घातलं तर तेही महिन्याभरात गळतं. एक्सल सील बसवताना बाहेरच्या काठाला समान ठोकायचं, जुनं जितकं आत होतं तितकंच, आणि ओठाला ग्रीस लावूनच एक्सल घालायचा.

पावसाळ्यात पाण्यातून गेलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. 26 जुलै 2005 ची मुंबई किंवा जुलै 2021 चं चिपळूण आठवा. अशा पुरानंतर इंजिनाची काळजी सगळे घेतात, गिअरबॉक्सची फार थोडे. चालून गरम झालेला बॉक्स पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. बॉक्स बुडेल इतक्या पाण्यात गाडी गेली असेल, तर कॅलेंडर न बघता त्याच आठवड्यात प्लग उघडा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं की पाणी आहे. ते काढून नवं भरा, वीस-तीस किलोमीटर चालवा आणि पुन्हा एकदा काढून भरा. एका वेळेत सगळं पाणी निघत नाही. तसंच राहू दिलं तर बेअरिंगवर गंजाचे खड्डे पडतात आणि दिवाळीपर्यंत घरघर ऐकू येते.

बॉक्स उतरवायचीच वेळ आली तर

बॉक्स घरी उतरवायच्या भानगडीत नवशिक्याने पडू नये. वजन असतं, इंजिन वरून टांगावं लागतं. आतली बेअरिंग प्रेसने काढावी लागतात आणि शिम (पातळ चकत्या) मोजून बसवावे लागतात. पण काम करून घेताना काय बघायचं, ते ठाऊक असावं.

क्लचसाठी बॉक्स उतरला तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. मजुरी बॉक्स उतरवण्याची असते. बेअरिंग वाचवलं आणि ते सहा महिन्यांनी गेलं तर तीच मजुरी पुन्हा. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक भेगा असतील तर ते मशीनवर घासून घ्यावं लागतं किंवा बदलावं लागतं. प्लेट मध्यावर आणायला अलाइनमेंटची दांडी वापरायची, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. बॉक्स चढवताना त्याचं वजन शाफ्टवर लटकू दिलं तर नव्या प्लेटचा हब वाकतो आणि गाडी पहिल्या दिवसापासून गिअरला अडते. शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावायचं ते पुसटसंच. जास्त झालं की उडून प्लेटवर येतं.

बॉक्स खाली आहे तोवर जुनी प्लेट हातात घ्या. रिव्हेटपर्यंत झिजलेली आणि कोरडी असेल तर ती आयुष्य जगून संपली. निम्मी जाडी शिल्लक असताना काळी-निळी पडली असेल तर हाफ क्लचवर चढ चढण्याची किंवा पेडलवर पाय ठेवून चालवण्याची सवय आहे. आणि ती ऑइलने ओली, चकचकीत असेल तर क्रँकचं मागचं सील किंवा इनपुट शाफ्टचं सील गळतंय. बोट लावून वास घ्या: गंधकाचा उग्र वास म्हणजे बॉक्सचं, नाहीतर इंजिनाचं. ते सील त्याच वेळी बदलून घ्या, बॉक्स वर चढायच्या आत.